माझी विकाऊ सासुरवाडी

कोणतीही वस्तू कुणीतरी वापरून टाकल्याशिवाय पुरती तयारच होत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. नवी खुर्ची म्हणजे त्यांच्या लेखी कच्चा आंबा. तिच्यावर कुणी दहा वर्षं बसावं, एखाद्या पोराने तिच्या हातावर नाव कोरावं, बसणारा एक दिवस मरावा किंवा त्याची बदली व्हावी, आणि मग ती माझ्या सासऱ्यांच्या हाती यावी, हा तिचा रास्त जीवनक्रम. "नवं लाकूड थापा मारतं, जावईबापू," ते मला सांगत. "चार पावसाळे खाल्ले की खरं बोलायला लागतं." जुन्या फर्निचरचा आणि जुन्या कोटांचा हा धंदा ते गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर करत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पडदाही विकाऊ होता.

दुकान कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे त्या कुटुंबाला कधीच नीट ठाऊक नव्हतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्हाला नक्षीदार कोचावर बसवलं होतं. समोर संगमरवरी टेबल, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. दादरच्या आमच्या दीड खोलीतून आलेले माझे वडील त्या कोचाच्या अगदी कडेला बसले आणि परतताना म्हणाले, "घर मोठं आहे. आपल्याला झेपायचं नाही." पंधरा दिवसांनी साखरपुड्याला गेलो, तर आम्हाला बसायला सतरंजी. कोच नाही, टेबल नाही, घड्याळाच्या जागी नुसता खिळा. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकीच्या लग्नापायी बिचाऱ्यांनी किडूकमिडूक विकलं हो," असं म्हणून तिने मानपानाचा विषयच काढू दिला नाही. सगळा माल एका डॉक्टरने उत्तम भावात नेला होता, हे सासऱ्यांनी मला लग्नानंतर वर्षाने, चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगितलं.

स्वतःच्या अंगावर ते जे विकायचं तेच घालत. दुकानातला कोट खुंटीवर लटकला की मेल्यासारखा दिसतो, माणसावर असला की गिऱ्हाइकाशी बोलतो, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे सोमवारी ते बॅरिस्टर दिसत आणि गुरुवारी स्टेशनमास्तर. आमच्या लग्नात ते राखाडी सर्जचा झकास कोट घालून वरपक्षाच्या स्वागताला उभे होते. पंगत उठेपर्यंत तो कोट माझ्या काकांच्या अंगावर होता आणि मुलीची पाठवणी सासऱ्यांनी धोतर-सदऱ्यावर केली. लोकांना वाटलं, दुःखाने माणसाला कपड्यांचंही भान राहिलं नाही. दुःख झालंच होतं म्हणा. पण काकांना बाह्या आखूड होत होत्या, याची त्यात थोडी भर होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. अख्खं गिरगाव पेटलेलं आणि सासरे त्यात सगळ्यांच्या पुढे. हरताळाच्या दिवशी सगळ्यात आधी त्यांच्या फळ्या लागत. मोर्चात ते घोषणा देत जायचे खरे, पण नजर वर माड्यांच्या गॅलऱ्यांवर. एकदा ऐन घोषणेच्या मध्यात त्यांना कुणाच्या तरी गॅलरीत वेताची आरामखुर्ची दिसली, तेव्हा 'मुंबईसह' इतकं मोर्चाबरोबर म्हणून त्यांनी 'संयुक्त महाराष्ट्र' त्या घराच्या जिन्यात पुरा केला. मुंबईचं काय होणार या धास्तीने कुणी शेठ बडोद्याला निघाला असं कळलं, की हे त्याच्याकडे धावत. "शेठ, जाऊ नका. मुंबई महाराष्ट्राचीच होणार, पण तुम्ही काय परके आहात?" असं अगदी गहिवरून म्हणत आणि त्याच वेळी टेबलाला खालून बोटाने टकटक करून लाकूड भरीव आहे का ते पाहत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेठ राहिला असता तर त्यांना आनंदच झाला असता, फक्त टेबल गेल्याची चुटपुट लागली असती. सत्याग्रहात एकदा त्यांना पकडून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. आम्ही हार घेऊन गेलो, तर हे बाहेर येताच म्हणाले, "आतला बाक बर्मा टीकचा आहे हो. काय हेळसांड केलीय."

हे सगळं बाहेरून पाहणाऱ्याला गमतीचं होतं, मलाही होतं. पण माझी बायको त्या घरात वाढली होती. तिच्या मॅट्रिकच्या आदल्या आठवड्यात तिचं टेबल गेलं, खणातल्या वह्यांसकट. वह्या परत आणायला तिला माझगावला जावं लागलं. एकदा देव्हाऱ्याला गिऱ्हाईक आलं, तर देव चार दिवस फळांच्या परडीत बसले. "देव काय लाकडात असतात?" हे त्यावर सासऱ्यांचं भाष्य. सासूबाई हसत. बायको हसत नसे. त्यातही एका गोष्टीवर तिचा खरा राग होता, आणि ती गोष्ट सासूबाई दर संक्रांतीला तिळगुळासारखी वाटत. बायको सात महिन्यांची असताना पाळण्यात झोपली होती. गिऱ्हाईक आलं. सासऱ्यांनी झोपलेल्या लेकीला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं आणि पाळणा देऊन टाकला. ऐकणारे पोट धरधरून हसत. मीही ही गोष्ट ऑफिसात अनेकदा सांगितली आहे आणि दरवेळी तिला टाळी मिळाली आहे.

मग बायकोला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? सासूबाईंनी डिंक-खारका आणून ठेवल्या, सुईणीला सांगून ठेवलं. आणि बायकोने मला शांतपणे सांगितलं, "मी गिरगावला जाणार नाही. त्या घरात माझ्या मुलाच्या अंगाखालची गादीसुद्धा जाईल." मी समजावलं, माझ्या आईने समजावलं. सासूबाई दादरला येऊन रडून गेल्या. आयुष्यभर त्यांनी घरातल्या कुठल्या वस्तूचा हट्ट धरला नव्हता, लेकीचं बाळंतपण तेवढं आपल्या हातून व्हावं, इतकीच त्यांची इच्छा होती. शेवटी सासरे स्वतः आले. त्या दिवशी ते प्रोफेसर होते, कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटात. बायकोने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, मला ज्या पाळण्यातून उचललंत ना, तो परत आणा. मग येते."

कुठलाही शहाणा बाप यावर गप्प बसला असता. सासरे म्हणाले, "बरं," आणि उठले.

विकलेली वस्तू ते कधी विसरत नसत. माणसाचं नाव विसरत, पण त्याच्याकडे गेलेल्या कपाटाची कडी आठवे. बावीस वर्षांपूर्वीचा तो पाळणा ठाकूरद्वारच्या एका कारकुनाकडे गेला होता. कारकून वारला होता. त्याच्या मुलाने तो भायखळ्याला एका रेल्वेतल्या माणसाला दिला होता, आणि रेल्वेतला माणूस गावी जाताना भोईवाड्यातल्या कुणा गिरणीकामगाराला. एवढा शोध लावायला सासऱ्यांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत दुकान बहुतेक बंदच होतं. शेजाऱ्यांना वाटलं, पुन्हा हरताळ आहे. शेवटी एका रविवारी ते मला सोबत घेऊन ट्राममधून परळला उतरले. खिशात पैसे होते आणि चेहऱ्यावर मोठा लिलाव मारायला निघाल्याचा भाव.

भोईवाड्यातल्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर दार उघडंच होतं. आत पाळणा टांगलेला. सासरे उंबऱ्यातच थबकले. दांड्यावरची लाकडी पोपटांची जोडी, त्यातल्या एकाची चोच तुटलेली. तोच होता. ते काही बोलणार, तोच आतून एक बाई आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. पोर आत्ताच निजलांहा. वायच बसा, चाय टाकतंय."

आम्ही बसलो. चहा झाला. गिरणीतली पाळी करून आलेला तिचा नवरा कोपऱ्यात झोपला होता, त्यालाही उठवायचा प्रश्न नव्हता. बाई हलक्या आवाजात सांगत होती. तिची चार आणि शेजारणीची दोन, सगळी ह्याच पाळण्यात वाढली. कड्यांना ती न चुकता तेल घालते. सासरे पाळण्याकडे पाहत होते. मी वाट बघत होतो, आता विचारतील, काय घेणार. आयुष्यभरात हजारो घरांत त्यांनी हा प्रश्न विचारला होता, मयताच्या घरातही विचारला होता. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "कुरकुरत नाही ना फार?"

"छे," बाई म्हणाली. "तुमचा काय काम होतां?"

"माझी लेक बाळंत व्हायची आहे," ते म्हणाले. एवढंच. पाळण्याचं नावही काढलं नाही.

बाई उठली आणि तिने ट्रंकेतून एक दुपटं काढलं. जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. "नव्या पोराक नवां घालूचा नसता. ह्या घेवा. सहा पोरां वाढली हेच्यात." सासऱ्यांचा हात सवयीने खिशात गेला. बाईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो हात खिशातच राहिला. ट्राममध्ये ते दुपटं मांडीवर धरून बसले होते.

तिथून ते सरळ दादरला आमच्या घरी आले. "पाळणा सापडला," ते लेकीला म्हणाले, "पण रिकामा नव्हता." आणि दुपटं तिच्या हातात दिलं. बायको बराच वेळ ते चाचपत राहिली. एके काळी निजलेलं पोर उचलून पाळणा देणारा माणूस आज निजलेलं पोर पाहून पाळणा न मागताच परतला होता, हे तिला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरली.

मुलगी झाली. बारशाला पाळणा शेजारच्या बिऱ्हाडातून मागून आणला. एरवी सासूबाईंच्या नऊवारीची झोळी, पुढच्या खोलीत, कारण वारा तिथे येई. मी एका दुपारी गेलो तर सासरे कपाटांच्या गर्दीत स्टुलावर बसून झोळीची दोरी ओढत होते. दारात एक सद्गृहस्थ उभे होते. त्यांना झोळीच्या मागचं आरशाचं कपाट पाहायचं होतं, आणि ते चांगल्या भावात घेण्याइतके श्रीमंत दिसत होते.

"पोर झोपलंय," सासरे कुजबुजले. "संध्याकाळी या."

"संध्याकाळी मी पुण्याला चाललोय."

"मग पुण्याला जाऊन या."

गृहस्थ गेले. मी पडद्याआड गेलो, तर बायको अंथरुणात उठून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळ्यांना पदर लावून ती आईला म्हणाली, "माझ्या वेळी बाबांना हे का गं सुचलं नाही?"

सासूबाई शेगडीवर काहीतरी ढवळत होत्या. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"तेव्हा दुकान कुठे होतं, बाई? पेढीवरची नोकरी सुटून पाच महिने झालेले. माझं दूध आटलं होतं. गवळी उधार देईना. घरात विकण्यासारखा तो एक पाळणाच होता. हे रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस, सांगायचंच तर हसून सांग."

पडद्यापलीकडे झोळीची कडी संथ वाजत होती. पाळण्याची ती गोष्ट मी ऑफिसात पुन्हा सांगितली नाही.