जिंकल्यावरचे वीस हजार

नांदूरघाटच्या हरिओमला काही द्यायला कुणी हात पुढं केला, की तो आधी एक पाऊल मागं सरतो. मग तो कंडक्टर सुटे पैसे देत असो, नाही तर आई भाकरी वाढत असो. गावात म्हणतात, पिंजऱ्यात मार खाऊन पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावाला काय, बोलायला काहीतरी लागतंच. मार त्यानं खाल्ला नव्हता, दिला होता.

बाप सटवा मेंढरं राखायचा आणि हरिओम जत्रेजत्रेत कुस्त्या करायचा. पुढं पुण्यात एका गोदामात कामाला लागला आणि तिथंच बॉक्सिंग शिकला. एका लढतीचे बारा हजार मिळायचे. जिंका नाही तर हरा, कागदावर लिहिलेले बारा हजार हातात पडणारच. मग कुणीतरी त्याला एमएमएत, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात होते त्या लढतीत, ओढलं. जगातले बडे बॉक्सर जे कमावतात त्यापुढं पिंजऱ्यातल्या चॅम्पियनची कमाई चिल्लर असते, हे हरिओमनं मोबाईलवर वाचलं होतं. पण तो उभा होता तळाच्या पायरीवर, आणि तिथून उलटंच दिसत होतं. पिंजऱ्याचे चाळीस हजार होते! फक्त त्यांचे दोन तुकडे होते. वीस आत उतरल्याचे आणि वीस जिंकल्यावरचे. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं.

समोर आला दिंद्रुडचा आदिनाथ. मातीतला पैलवान, पिंजऱ्यात पहिल्यांदाच उतरलेला. आता आपल्याकडच्या जत्रेत कसं असतं, दोघं पैलवान झुंजून झुंजून दमले आणि कुणीच चीत होईना, तर हात मिळवतात. पंच दोघांचेही हात वर करतात, कुस्ती बरोबरीत सुटते आणि इनाम निम्मं निम्मं वाटलं जातं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तिसऱ्या फेरीत दोघांच्याही छातीचा भाता झाला, तेव्हा आदिनाथनं पकड सोडली, मागं झाला आणि उजवा हात पुढं केला.

"सोडायची का पाव्हणं? बरोबरीत?"

रेफ्रीला मराठी येत नव्हती. हरिओमला येत होती. त्याला ते जिंकल्यावरचे वीस हजार दिसले आणि त्यानं सगळ्या ताकदीनिशी ठोसा मारला. आदिनाथ कोसळला. कोसळलेल्यावर त्यानं आणखी दोन मारले, तेव्हा कुठं रेफ्री मधे पडला. बॉक्सिंगमध्ये पडलेल्या माणसाला हात लावत नाहीत, आकडे मोजतात. इथं ते नियमात बसत होतं.

त्या पैशांची मेंढरं आली. आई सारजाबाईनं त्यांना हळदकुंकू लावलं. आदिनाथ महिनाभर दवाखान्यात होता. हरिओम लढणं सोडून गावी आला, मेंढरांमागं फिरू लागला. भर दुपारी, उघड्या माळावर, अगदी मानेमागून आवाज येतो: सोडायची का पाव्हणं? वळून बघावं तर मेंढरं चरत असतात. दोन वर्षं झाली. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, आणि लढत कशी सुटली तेही नाही.

आणि एक दिवस धाकटी बहीण योगिता म्हणाली, "दादा, मला पिंजऱ्यात घ्यायलेत. पंधरा उतरल्यावर, पंधरा जिंकल्यावर."

योगिता केजला बॉक्सिंग करायची. हरिओम म्हणाला, "न्हाई जायचं."

"कावून? चार वर्षं बॉक्सिंग केली. काय मिळालं? दोन ट्रॅकसूट अन् गठ्ठाभर सर्टिफिकिटं. पोलीस भरती व्हईल तवा व्हईल."

हे खोटं नव्हतं. तिला अडवायचं तर स्वतःचं पाप सांगावं लागणार होतं, आणि या घरात त्याला देव मानणारी तीच एक होती. तोंडानं जमेना, म्हणून त्यानं ठरवलं की तिला आदिनाथच दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तिला मोटरसायकलवर घेऊन तो दिंद्रुडला गेला.

आदिनाथ ओसरीत खुर्चीवर होता. उजवं अंग लुळं, बोलणं जड. लढतीच्या जाहिरातीतल्या फोटोवरनं त्यानं हरिओमला ओळखलं आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसला. "आई, ह्योच त्यो! आमची बरोबरीत सुटल्याली. सांगा की पाव्हणं, गावाला पटत न्हाई."

जानकीबाईनं, त्याच्या आईनं, चुलीपासून वर बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. लेकाला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं, आणि हे तिनंच त्याच्या मनात भरवलं होतं. "सांगा बाबा," ती हळूच म्हणाली. "बरोबरीतच सुटली ना?"

हरिओम म्हणाला, "हो. बरोबरीतच."

परतताना धारूरच्या घाटात योगिता मागून म्हणाली, "उगंच भेव घातलंस मला. त्येला लागलं ते वाईटच झालं, पर तिथंबी माणसं एकमेकांला सोडत्यात की. उद्या सही करून टाकते."

हरिओमनं गाडी कडेला घेतली. उतरला आणि दरीकडं तोंड करून सगळं सांगितलं. पुढं केलेला हात, ते शब्द, पहिला ठोसा आणि कोसळल्यावरचे दोन.

"अन् नंतरचे दोन?" योगितानं विचारलं. "पडला व्हता की त्यो. ते कावून मारलेस?"

"उठला असता तर वीस गेले असते."

योगिता गाडीवरून उतरली. मग केजची एसटी आली, तिनं थांबवली आणि ती एकटीच चढली.

तिनं सही केली नाही. हरिओमला हवं होतं ते झालं. ती अजून केजला बॉक्सिंगला जाते, घरात कामापुरतं बोलते. यंदा राखीच्या दिवशी तिनं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. ताटात राखी होती, कुंकू होतं, पेढाही होता. ती आत निघून गेली. हरिओमनं थोडा वेळ वाट बघितली, आणि मग एक दोरा दातात धरून राखी आपली आपणच बांधून घेतली.