माझ्या तोंडचं पानी

"परत बोला. पाणी."

"पानी."

चौथीचा अख्खा वर्ग खदखदून हसला. मोठ्या बाई दारात उभ्या. मी फळ्यापाशी, हातात खडू. शिक्षिका मी होते. धडा माझा चालला होता. तरी मुलांसमोर त्यांनी मला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. पाचव्यांदा जीभ वळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाई म्हणाल्या, "मिठागरातून थेट वर्गात आल्या की असं होतं."

मी खाडीकाठच्या जूचंद्र गावची. आईनं मिठागरात राबून मला डी.एड. केलं. घरात आम्ही असंच बोलतो. वसईतल्या त्या शाळेत माझं पहिलंच वर्ष. नोकरी तात्पुरती.

शाळा सुटल्यावर बाईंनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझी भाषा अशुद्ध व गावंढळ आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. मी क्षमा मागते.'

"उद्या सही करून आणा. नाहीतर येऊ नका."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? कमावणारी मी एकटी. मिठानं आईची पावलं फुटलेली, तिला आता काम होत नव्हतं.

आई खाडीच्या बांधावर बसली होती. तिला कागद वाचून दाखवला. तिनं बाजूच्या चिखलात उभ्या तिवराच्या झाडाचं पान तोडलं.

"चाटून बग."

खारट.

"झाड खारं पानी पितं. पन मीठ अंगात ठेवत नाय. पानावर काढून टाकतं."

मी चिडले. "झाडाला नोकरी नसते, आई."

"नसते. पन खारी भरती त्याला पन रोज सोसावी लागते."

सकाळी शाळेत गेले. कागद बाईंच्या टेबलावर ठेवला.

"सही कुठंय?"

"नाय करनार." मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "लिहिताना चुकले तर सांगा, सुधारीन. मुलांना 'ण' मी नीट शिकवीन. पन आईच्या बोलीला अशुद्ध म्हननार नाय."

बाईंनी फाटकापर्यंत शिपाई सोबत दिला. चोराबरोबर देतात तसा.

नोकरी गेली. भीती गेली नाही. फोन वाजला तरी दचकते. शनिवारी विरारच्या एका शाळेत मुलाखत आहे. आधीची नोकरी का सुटली, विचारतीलच. घाबरत सांगेन, पण झालं तेच सांगेन. त्यांनी दार लावलं तर पुढच्या शाळेत जाईन. माझ्या माणसांविरुद्ध सही मात्र कुठंच करणार नाही.