साक्षीदाराशिवाय डिलीट नाही

निर्मळ गावचे इनासकाका कॉम्प्युटरमधली एक ओळ पुसायची झाली तरी साक्षीदार मागत. चर्चच्या ऑफिसात त्यांनी तीस वर्षं लग्नांची रजिस्टरं लिहिली होती आणि निवृत्तीनंतर हौसेने कॉम्प्युटरचा क्लास केला होता. विंडोजच्या पोटातही प्रत्येक प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी ‘रजिस्ट्री’ असते हे कळल्यावर स्वारी भलतीच खूश झाली. “म्हंजे आपलंच खातं की!”

माझं तेव्हा डीटीपीचं छोटं दुकान होतं. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत मागे राहायच्या आणि नवा प्रोग्राम अडायचा. मग काका सायकलवरून यायचे, आधी नोंदींची प्रत फ्लॉपीवर घ्यायचे आणि पुसायची प्रत्येक नोंद वहीत उतरवायचे. “बाय, कर सही. कोन गेला, कशाला गेला, लिवलेलं बरं.” दहा मिनिटांच्या कामाला दोन तास! मी हसायचे, चिडायचेही. आता काका नाहीत, पण काहीही पुसताना माझं बोट अजून थबकतं.

त्याच काळात गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे आली. पन्नास वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं जुन्या हजेरीपटांतून काका वाचत आणि मी टाइप करत असे. महिना गेला त्यात. पानं छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी मला अवदसा आठवली. मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम काढून नवा टाकायला घेतला, तर तो बसेचना; जुना अजून आहे म्हणे! काकांची वाट कोण बघणार? रजिस्ट्री उघडून जुन्याच्या दिसतील त्या नोंदी मी धडाधड उडवल्या. त्यात फॉन्टच्या नोंदीही गेल्या. यादी उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मला रडूच कोसळलं.

काका आले. “साक्षीदार कोन होता?” एवढंच विचारलं. आठवड्यापूर्वीची फ्लॉपी घालून त्यांनी नोंदी परत बसवल्या, मशीन पुन्हा चालू केलं. नावं उमटली तसे ते थेट मुलींच्या सगळ्यात जुन्या यादीवर गेले, एका ओळीपाशी थांबले आणि मग चहा मागितला.

समारंभात त्यांची बायको, रोझकाकू, स्मरणिकेतल्या त्याच पानावर बोट ठेवून स्वतःचं नाव अक्षर लावत वाचत होत्या. पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

“हिला तिसरीत शाळेतनं काढली, फुलं इकायला,” काका हळूच म्हणाले. “नोंद मागं ऱ्हायली, बरं झालं.”