राज्यलक्ष्मींचा पहिला लेख

कोल्लूरि राज्यलक्ष्मींनी हैदराबादच्या लॉ कॉलेजात तेहेतीस वर्षं पेटंटचा कायदा शिकवला. जुन्याच औषधाचा क्षार बदलायचा आणि नवा शोध म्हणून पुन्हा वीस वर्षांची मक्तेदारी मागायची, या चलाखीविरुद्ध त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. ती फारशी कुणी वाचली नाहीत.

निवृत्तीनंतर सिद्दिपेटची यादम्मा त्यांच्या दारात आली. तिच्या मुलीला, स्वरूपाला, थॅलेसेमिया होता. दर महिन्याला रक्त चढवल्याने अंगात लोह साचे. ते उतरवणारी जुनी गोळी पोरीच्या पोटात टिकत नव्हती. त्याच औषधाचा क्षार बदललेली नवी सोसत होती, पण आता एका कंपनीने तिच्यावर पेटंट मागितलं होतं. मिळालं, की स्वस्तात बनवणारे कारखाने थांबणार.

"मॅडम, कागदातलं मला कळत नाही. गोळी बंद होणार का, तेवढं सांगा."

"होऊ देणार नाही," राज्यलक्ष्मी बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावली.

आठ महिने खपून त्यांनी हरकत लिहिली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयातल्या सुनावणीत कंपनीचा वकील होता फणींद्र, त्यांचाच सर्वांत हुशार विद्यार्थी. आधी तो पाया पडला. आत गेल्यावर त्याने एक पिवळा पडलेला लेख काढला. क्षार बदलायलाही संशोधकाची प्रतिभा लागते, असा. सत्ताविसाव्या वर्षी, नोकरी पक्की व्हावी म्हणून, विभागप्रमुखांच्या आवडीचं मत राज्यलक्ष्मींनीच लिहिलं होतं.

"तेव्हा मी चुकले होते," त्या म्हणाल्या.

"तेव्हा चुकलात की आता, ते आम्ही कसं ठरवायचं?" अधिकारी शांतपणे म्हणाले.

बाहेर त्यांनी फणींद्रला विचारलं, "कुठून उकरलास रे?"

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम. समोरच्याचं पहिल्या लेखापासून वाचायचं." तो मान खाली घालून उभा राहिला.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यात त्या लेखातला आख्खा परिच्छेद होता.

त्यांनी यादम्माला फोन केला. ती रडली नाही, भांडली नाही. "तुम्ही तरी काय करणार," म्हणाली. "एकाआड एक दिवस देते गोळी. बघू किती पुरते ते." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

अपिलाला तीन महिने होते. राज्यलक्ष्मी रोज टेबलाशी बसत, पहिलं वाक्य लिहीत आणि त्यावर फणींद्र काय उत्तर देईल, ते त्यांना आधीच ऐकू येई. वाक्य खोडलं जाई. मुदत तशीच निघून गेली.