ताईंनी माझी सून पळवली नव्हती

ताई कधी कुणाच्या समोर बसत नसत. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असल्या, तरी त्या आपली खुर्ची ओढून शेजारी लावायच्या. "समोर बसलं की मुलगी उत्तरं देते. शेजारी बसलं की बोलते," असं त्यांचं म्हणणं. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये, एका समुपदेशन केंद्रात त्या नोकरीला होत्या. लग्न करून नुकत्याच आलेल्या, चांगली नोकरी सोडून आलेल्या, घटस्फोट झालेल्या, बाळंत झालेल्या आपल्या मुली त्यांच्याकडे जात. मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे.

त्यांचे प्रश्न अगदी साधे असत. आज केस विंचरलेस का, काल जेवणाला चव लागली का. मी एकदा थट्टेने म्हणालो, "ताई, एवढं विचारायचा पगार देतात तुम्हाला?"

"गेनाऊ, काका, अगदी बरोबर. आणि वर भरपगारी सुट्टी," त्या म्हणाल्या.

माझी सून मानसी भर हिवाळ्यात बाळंत झाली. तिच्या आईचा व्हिसा झाला नाही आणि माझी पत्नी आधीच गेलेली, म्हणून दोघींची जागा मी घेतली. अळिवाची खीर मी करायचो. कानात कापूस, डोक्याला रुमाल, सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही, हे सगळं मी सांभाळायचो आणि मला त्याचा अभिमान होता. मानसी बोलेनाशी झाली तेव्हा माझ्या मुलाने, मिलिंदने, ताईंना घरी यायची विनंती केली. तो स्वतः पहाटे कामाला जायचा तो संध्याकाळी यायचा.

ताई आल्या की मी चहा करून त्यांच्याबरोबर बसायचो. घरी पाहुणा आलाय आणि वडीलधारं माणूस आत पडून राहिलंय, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. त्या मानसीला काही विचारायच्या, ती माझ्याकडे बघून "ठीक आहे" म्हणायची. शेवटी एकदा ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा खाली चक्कर मारून येता का?"

"माझ्याच घरातून मला बाहेर काढताय?"

"अर्धा तास फक्त."

मी हललो नाही. निघताना त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. "ती झोपत नाही, काका. बाळ रडलं की ती खिडकीकडे बघते. पाचवा मजला आहे. मला तिच्या जिवाची भीती वाटते. मिलिंदला आजच सांगा, तिला डॉक्टरकडे न्या."

"आमच्या घरात असलं काही होत नाही," मी म्हणालो, आणि सव्वा महिना संपेपर्यंत येऊ नका, असंही सांगितलं. मिलिंदला सांगितलं की ताईंना सध्या वेळ नाही.

त्यानंतर घर फार शांत झालं. मानसी रडायची थांबली. मला वाटलं, खीर अंगी लागली.

एका दुपारी गारठ्याने मला जाग आली. खिडकी सताड उघडी होती, बाळ पाळण्यात झोपलेलं, मानसी कुठेच नव्हती. तिचे बूट दाराशी तसेच होते. खिडकीपाशी जाऊन खाली बघायला हवं होतं. मला ते जमलं नाही. खोलीच्या मधोमध किती वेळ उभा होतो, कोण जाणे. मग फोन वाजला.

"मानसी माझ्याकडे आहे," ताई म्हणाल्या. "नुसत्या मोज्यांवर चालत आलीय. मी तिला हॉस्पिटलमध्ये नेतेय. बाळाला उचलून घ्या आणि मिलिंदला फोन करा."

मानसी पुष्कळ दिवस हॉस्पिटलमध्ये होती, पुढे बाळही तिच्याजवळ राहिलं. आज ती बरी आहे. हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, माझं नाव घालून लिहा."

मंडळात लोकांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, "ताई घेऊन गेल्या तिला." त्याचं बघता बघता 'ताईंनी सून पळवली' झालं. मी कुणाला अडवलं नाही. सुनेला मनाचा आजार झाला, तोही माझ्या देखरेखीत, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मुलींना घरचे ताईंकडे जाऊ देईनासे झाले. एका वाक्यात ताई सगळ्यांची तोंडं बंद करू शकल्या असत्या. का करत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते मानसीचं आहे, काका. मी कसं सांगणार?" पुढे त्या दुसऱ्या शहरात, कोलोनला गेल्या. जाताना फोन नंबर तोच ठेवला.

या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या एका मुलीने जीव दिला. तिचं बाळ महिन्याचंही नव्हतं. तिला शेवटचा निरोप द्यायला ताई कोलोनहून आल्या होत्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "काका, माझा नंबर तिच्याकडे होता. तिने फोन का केला नसेल?"

थोड्याच दिवसांपूर्वी त्या मुलीच्या सासूबाई मला दुकानात भेटल्या होत्या. सून ताईंशी बोलायचं म्हणतेय, तुम्हाला त्यांचा अनुभव आहे, बोलू द्यावं का, असं त्यांनी विचारलं होतं.

"बघा बाई," मी म्हणालो होतो, "तुमचं तुम्ही ठरवा."