तानुबाईचा पासवर्ड

माले गावातून पहिला ई-मेल कुणी धाडला असं विचारलंत, तर गावातले चार पुढारी स्वतःकडेच बोट दाखवतील. दाखवू देत. तो मेल तानुबाईनं धाडला. मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय, तेव्हा मला कुणी शिकवू नये.

मी नलिनी, आमच्या महिला बचत गटाची सचिव. तानुबाई अध्यक्ष. तिची शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र थेट कलेक्टर कचेरीपर्यंत पोचणारा. आमच्या शिवारातला आंबेमोहोर तांदूळ व्यापारी पडत्या भावात उचलायचा आणि शहरात स्वतःच्या नावाच्या पिशवीत घालून विकायचा. गावाला ते दिसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. तानुबाई एका बैठकीत म्हणाली, "पिकवायचं आमी आनि नाव त्येचं? आपन कांडू, आपन पिशवीत भरू, आपनच इकू." त्या दिवसापासून गटाच्या घरोघरी उखळं पुन्हा अंगणात आली.

कॉम्प्युटर आणला तोही तिनंच. पिरंगुटच्या एका कारखान्यानं जुनी यंत्रं काढली, त्यातलं एक तिनं मागून घेतलं. पडदा मांडीवर आणि डबा पायाशी ठेवून एसटीनं घरी आणला. कंडक्टर सामानाचं तिकीट मागायला लागला, तर म्हणाली, "मांडीवरच्या लेकराचं कुटं तिकीट आसतंय?" स्वतःच्याच घरात, ओट्याकडच्या खिडकीपाशी तो मांडला आणि वर जुन्या लुगड्याचा तुकडा झाकला.

पौडच्या क्लासवाल्यानं येऊन मेलचा प्रोग्राम बसवून दिला. पासवर्डपाशी आल्यावर त्यानं बजावलं, की शब्द कुणाला सांगायचा नाही, मोठ्यानं म्हणायचासुद्धा नाही. तानुबाईनं आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंडं करायला लावली आणि एका बोटानं टकटक करून शब्द घातला. मग म्हणाली, "आसा शब्द घातलाय, जो माज्या तोंडातनं कदी निघायचाच न्हाई. चोरी करनार कोन?" आम्हाला ते फार हुशारीचं वाटलं. पुढं दोन वर्षं त्या प्रोग्रामनं शब्द लक्षात ठेवला, पुन्हा कधी विचारला नाही.

दोन हजार सातची दिवाळी झाली आणि लवळ्याच्या एका होस्टेलच्या मेसला वर्षभराचा तांदूळ हवा असल्याचं कळलं. एवढी ऑर्डर मिळाली असती तर व्यापाऱ्याचं तोंड पाहायची गरजच उरली नसती. नाहीतर नवा तांदूळ पुन्हा त्याच्याच टेम्पोत चढणार होता. मेसचा मॅनेजर नियमाचा पक्का. "दरपत्रक मेलनंच पाठवा. शुक्रवारी बारापर्यंत. नंतर आलेलं उघडणार नाही," असं त्यानं सांगून टाकलं.

तानुबाई त्या आठवड्यात गटातल्या गोजराबाईला घेऊन पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावून बसली होती. त्यामुळे दरपत्रक धाडायचं काम माझ्याकडे. शुक्रवारी सकाळी मी ते टाइप केलं, पाठवायचं बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजी नकार आला. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. गंमत म्हणजे येणारे मेल झकास येत होते. गोरं होण्याच्या मलमाची जाहिरात त्याच सकाळी आली होती.

इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, फुकट्या जाहिरातींचा त्रास फार वाढलाय, म्हणून नियम बदललाय. आता मेल पाठवतानाही पासवर्ड द्यावा लागतो. सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलचा सर्व्हर दिसेल, तिथे खूण करा आणि पासवर्ड टाका. चुकीचा फार वेळा टाकू नका, खातं सोमवारपर्यंत बंद होईल."

मी सेटिंग उघडलं. येणाऱ्या मेलचा पासवर्ड होता, पण काळ्या ठिपक्यांआड. ठिपके दिसत होते, शब्द दिसत नव्हता, आणि जाणाऱ्या मेलची चौकट रिकामी. मी तानुबाईचं नाव घालून पाहिलं. नकार. गटाचं नाव घातलं. नकार. पुढं हात लावायची छाती होईना. पौडला जाऊन धाडावं, तर एसटी निघून गेलेली.

साडेअकराला माझा मोबाइल वाजला. मालेत रेंज मिळते ती खिडकीच्या कट्ट्यावरच, म्हणून फोन तिथंच ठेवून स्पीकर चालू केला. प्रदर्शनातल्या कॉइन बॉक्सवरून तानुबाई बोलत होती. मागं लाउडस्पीकरची नुसती बोंबाबोंब.

"गेलं का गं दरपत्रक?"

"न्हाई गेलं, काकी. पासवर्ड मागतंय. सांगा बिगीबिगी."

तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "हितं मागं रांग हाय मान्सांची."

"आसूद्या की. त्यांना काय करायचंय?"

"आगं, ह्यांचं नाव हाय त्ये."

आता तानुबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नाही. तिच्या पिढीत कुणी घेत नाही. रेशनच्या कचेरीत साहेबानं विचारलं, तरी ती शेजारणीला पुढं करते. मला हसू आलं. मी मुकाट्यानं जनार्दन असं इंग्रजीत लिहिलं. नकार.

"काकी, जनार्दन घेत न्हाई."

"त्ये न्हाई गं. त्ये समद्या गावाचं हाय. मी मनात ठेवल्यालं येगळं हाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, मग अक्षरं सांगा. तिनं सांगितली, पण निम्मी त्या लाउडस्पीकरनं गिळली. अंदाजानं घालावं तर खातं बंद व्हायची भीती. मी ओरडले, "काकी, शब्द सांगा सरळ. बारा वाजत आले."

"हे कुटं हायेत?"

"ओट्यावर. इळ्याला धार लावत्यात."

"त्यांना गोठ्याकडं धाड."

मी खिडकीतून वाकून म्हटलं, "काका, जरा गोठ्याकडं जाता का?"

"का? फोन म्हशीचा हाय का?" जनाकाका म्हणाले आणि हलले नाहीत. काका म्हणजे काटकुळा माणूस, डोक्यावर केस नाही, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

"जात न्हाईत," मी फोनला सांगितलं. "उखाण्यात घ्या, न्हाईतर."

"उखाना जुळवत बसायला येळ हाय व्हय?" तिचा आवाज एकदम बदलला. बैठकीतला आवाज तो. "बायांच्या हाताला कांडून घट्टे पडल्यात, आनि मी हितं लाजत हुबी ऱ्हाऊ? लिही. सरदार. समदी अक्षरं बारकी. ऐकलंस का? सरदार."

सगळ्या गोंगाटावरून ती ओरडली. तिच्या मागच्या रांगेतलं हसू मला मालेत ऐकू आलं. खिडकीबाहेर विळ्याचा आवाज थांबला.

मी बोटं सावरून तो शब्द लिहिला आणि पाठवायचं बटण दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत पुढं गेली. जाणाऱ्या मेलचा कप्पा रिकामा झाला.

"गेलं, काकी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

मला रडू आलं, ते सांगायला मी लाजत नाही. गावच्या पुढाऱ्यांनी भाषणं ठोकली, पण गटातल्या बायांसाठी एवढं कुणी पणाला लावलं नव्हतं. ही बाई जन्मभर जे ओठाशी आणलं नाही, ते शंभर लोकांत ओरडून मोकळी झाली. अशा अध्यक्षाची मी सचिव आहे, याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचा वाटला नाही.

शनिवारी मेसचा होकार आला. रविवारी तानुबाईची एसटी यायची होती, तेव्हा आम्ही बाया फाट्यावर जमलो. पाहतो तर जनाकाका आधीच उभे. बायकोला आणायला हा माणूस कधी घराबाहेर पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती उतरली, आम्ही ऑर्डरीचं सांगितलं, तिनं मान डोलावली. काकांकडं मात्र बघेना.

काकांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. बराच वेळ चष्म्याचा दोरा चाचपला. मग खालच्या आवाजात विचारलं, "कवापासनं?"

"हळदीच्या दिसापासनं," ती रस्त्याकडं बघत म्हणाली.

"मंग येवडी वर्सं मला सांगितलं का न्हाईस?"

"पासवर्ड कुनाला सांगत्यात व्हय?" तानुबाई म्हणाली, आणि नेहमीसारखी त्यांच्या पुढं नाही, त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली.