पहारीवरचा उलटा बाण

माझ्या अनसाबाई आत्याला गावातल्या गावात, खजुरीतच दिलेली. आजोबा वारले तेव्हा वाटणीत ती लुगडं नको, भांडं नको म्हणाली आणि त्यांच्या लोखंडी पहारीसाठी अडून बसली. कारण तिच्यावर बाण कोरला होता, टोकाशी मिळणाऱ्या तीन रेघांचा. आमची मेंढरं दुसऱ्यांच्या कळपात ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर गेरूने हाच बाण काढायची घरची रीत. "अप्पाच्या हातची खूण हाय," असं ती अख्ख्या गल्लीला सांगे. तिच्याशी वाद घालायची आमची कुणाची छाती नव्हती.

परवा माझी मुलगी मनीषा कलबुर्गीहून सुट्टीला आली आणि पहार बघून बोलून बसली, "आजी, ह्यो तर इंग्रज सरकारचा शिक्का हाय." बंदुका, तंबू, दोरखंड, कैद्यांचे कपडेसुद्धा; बाण दिसला की वस्तू सरकारी. घरात सापडली तर चोरीचा आळ.

आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजे माझा अप्पा चोर व्हता?"

मनीषा गडबडली. माझंही डोकं चालेना. बाण आमचा की सरकारचा? आजोबांनी सरकारचा उचलला, की दोघांनी आपापला काढला? आत्या धड जेवेना. पहार पोत्यात गुंडाळून तिने दाराआड उभी केली. मला पोरीचा रागच आला. मेलेल्या माणसावर खटला कशाला भरायचा?

शेवटी मनीषानेच फोनवर आणखी शोधलं. पलटणीचं जुनं सामान सरकार विकायचं. विकलेल्या वस्तूवर पहिल्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा, उलटा बाण ठोकत. तो असला की माल रीतसर विकत घेतलेला.

"आजी, दुसरा बाण हाय का बघू."

आत्याने पोतं सोडलं. बाणाच्या टोकापुढचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं होतं.

"व्हता," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आपल्यात मेंढरू इकलं की त्येच्यावर उलटा बाण काढत्यात न्हाई का? मला वाटलं, तुझ्या बापानं पहार कुणाला तरी इकली. अप्पाची वस्तू कामून जाऊ देऊ? कानस घेतली अन् मीच घासून टाकला."

मला हायसं वाटलं. "मग आजोबा चोर न्हाईत, आत्या."

"न्हाईत," ती म्हणाली. "पर आता ह्ये नुसतं मीच म्हणायलेय."